जीपीएसला मी वाट शिकवली

चाळीस वर्षं मी होडी हाकतोय आणि या चाळीस वर्षांत एकदाही वाट चुकलो नाही. दोन-तीनदा वाटच चुकली होती, पण तिला मी समजावून परत आणलं. त्यामुळे आमच्या सूनबाईनं एक दिवस जेवता जेवता, "मामंजी, आपल्याला हातात धरायचा जीपीएस घ्यावा लागणार," असं जाहीर केलं तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"मला? जीपीएस? उद्या माशाला पोहायचा क्लास लावशील!"

"तुम्हाला नाही, होडीला. आणि माझ्या गाडीलाही. दोघांत एकच."

सूनबाईची स्वतःची व्हॅन आहे. ती सामानाची ने-आण करते आणि गाडी अशी हाकते की शेजारी बसलेला माणूस पायाखाली ब्रेक शोधत राहतो. शहरातल्या औषधांच्या कोठारातून समोरच्या बेटावरच्या दवाखान्यात दर गुरुवारी लहान मुलांच्या लशींचा खोका जातो. आजवर गाडीवाला तो धक्क्यावर टाकून निघून जायचा, होडीवाला सवडीनं यायचा, आणि मधल्या वेळात खोका उन्हात तापायचा. सूनबाईनं अर्ज केला : गाडी माझी, होडी सासऱ्यांची, खोका एका हातातून दुसऱ्या हातात. कोठाराच्या डॉक्टरीणबाईंनी एक महिना, म्हणजे चार फेऱ्या, अजमावून बघायचं ठरवलं. खोका सकाळी सहाला बंद होणार, दहाच्या आत बेटावरच्या फ्रिजमध्ये गेला पाहिजे. एक जरी फेरी हुकली तरी काम स्पीडबोटवाल्या कंपनीकडे. आणि गाडीत नि होडीत जीपीएस हवाच.

"मोबाइलमध्ये असतो की," मी म्हणालो.

"मध्यावर रेंज नसते. शिवाय तुमचा मागचा मोबाइल कुठे आहे?"

तो समुद्राच्या तळाशी होता. मी डाळ वाढून घेतली.

दुकानदार तरुण होता, टायवाला. त्यानं काचेच्या कपाटातून पाटीएवढं चकचकीत यंत्र काढलं. "बघा काका, रंगीत पडदा, बोटानं सरकवायचं, गाणीसुद्धा वाजतात."

मी ते उचललं आणि दाराबाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. तो मागे धावला. "काका, काका, कुठे चाललात?"

"माझी होडी ट्यूबलाइटखाली चालत नाही रे बाळा. उन्हात यात मला माझंच नाक दिसतंय. नाक कुठे आहे ते मला ठाऊक आहे."

दुसरं यंत्र उन्हात दिसत होतं. मग मी त्याच्या टेबलावरच्या ग्लासात बोटं बुडवली आणि पडद्यावर फिरवली. नकाशा जागचा हलला नाही. ओल्या बोटाला त्यानं ओळखच दिली नाही.

"बोट कोरडं करा ना," दुकानदार म्हणाला.

"होडीवर कोरडं काय असतं माहीत आहे? फक्त विनोद."

सूनबाईच्या अटी वेगळ्या. तिला डॅशबोर्डवर एका नजरेत वाचता यायला हवं होतं, वळणाआधी त्यानं आवाज द्यायला हवा होता, रस्त्यांचा आणि समुद्राचा असे दोन्ही नकाशे हवे होते, आणि गाडीच्या लायटरवर चालायला हवं होतं. "आणि सेल?" मी विचारलं. शेवटी त्यानं खालच्या खणातून एक पिवळं, जाडजूड, बटणांचं यंत्र काढलं. दिसायला अगदी साबणाची वडी. सेल भिंतीवरच्या घड्याळाचेच, म्हणजे कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात मिळणारे.

"हे तरंगतं का?"

"तसं पुस्तिकेत लिहिलंय."

"पुस्तिका तरंगत असेल. हे तरंगतं का?" असं म्हणून मी ते कोपऱ्यातल्या फरशी पुसायच्या बादलीत सोडलं. दुकानदारानं डोळे मिटले. यंत्र बुडालं, विचार बदलून वर आलं, आणि बादलीभर फेसात तोंड वर करून उपग्रह शोधू लागलं.

"हेच द्या," आम्ही दोघं एकदमच बोललो. लग्न होऊन ती घरात आल्यापासून आमचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

पहिल्या फेरीला गंमत झाली. गाडीत यंत्र शहाण्यासारखं वागलं. धक्क्यावर सूनबाईनं ते काढून होडीत आणलं, पण रस्त्याची सोय बंद करायला विसरली. भर समुद्रात ते टुणटुण करायला लागलं : मागे वळा, पुलावरून जा, एकसष्ट किलोमीटर. बेटाला पूल नाहीच, पण ह्याला कोण सांगणार! मी म्हटलं, "ह्याला पोहता येतं, पण आपण पाण्यात आहोत हे कळत नाही. थेट आपल्या चिरंजीवांवर गेलंय." ती हसली, पण पुस्तिका घेऊन बसली आणि तेव्हापासून होडीत पाय ठेवला की आधी रस्ता बंद, समुद्र चालू.

तीन फेऱ्या सुरळीत झाल्या. आकाश स्वच्छ होतं, मी डोळ्यांनी होडी नेत होतो आणि ती समोर बसून बटणं दाबत होती. तिसऱ्या फेरीनंतर पुस्तिकेत तिला सापडलं की आपण गेलो ती अख्खी वाट यंत्र रेष काढून लक्षात ठेवतं, फक्त तसं सांगावं लागतं. "म्हणजे धुकं पडलं तरी रेषेवरून जाता येईल," ती म्हणाली.

"आण इकडे," मी म्हणालो. "त्याला मी शिकवतो."

आणि इथे माझं चुकलं.

रविवारी दुपारी मी एकटाच यंत्र घेऊन निघालो. आमच्या धक्क्यापासून बेट तसं समोर आहे, पण मध्ये वाळूचा लांबच लांब पट्टा आडवा पडलाय. त्याला वळसा घालून खोल पाण्यातून जावं लागतं. त्या दिवशी पौर्णिमेची भरती होती, पट्ट्यावर पुरुषभर पाणी. मला वाटलं, सुनेच्या यंत्रात सासऱ्याची रेष उमटणारच आहे, तर ती ऐटदार असावी! सुकाणू सरळ धरलं आणि पट्ट्यावरून बाणासारखा गेलो. घरी येऊन यंत्र तिच्या हातात ठेवलं. "अठरा मिनिटं वाचली. याला म्हणतात वाट."

"रोज का नाही जात मग अशी?"

"तू घाबरशील म्हणून," मी म्हणालो. भरतीचा भ सुद्धा तोंडातून काढला नाही.

चौथ्या गुरुवारी हात लांब केला तर बोटं परक्याची वाटावीत असं धुकं. साडेसातला सूनबाई गाडी घेऊन धक्क्यावर आली. धुक्यामुळे शहरातून यायलाच तिला अर्धा तास जास्त लागला होता. स्पीडबोटवाला दोर बांधून चहा पीत बसला होता. "आज कोणी जात नाही," तो म्हणाला. "घरी जा, आजोबा."

सूनबाईनं खोका होडीत ठेवला. "आपल्याकडे रेष आहे. निघायचं ना?"

"अलबत!" मी म्हणालो. स्पीडबोटवाला ऐकत होता ना.

ती पुढे बसली, खोका दोन्ही पायांत, यंत्र हातात. मी मागे सुकाणूवर. ती सांगायची, मी वळवायचो. "डावीकडे. अजून थोडं. बस. सरळ." यंत्रात आहे ती माझी रविवारची रेष, हे ऐटीत मी साफ विसरलो होतो; मला वाटलं, रोजचा वळसा सुरू झाला असेल. धुक्यात माणसाला कान आणि अभिमान एवढंच उरतं. पाऊण तासानं कानांना बारीक चुळूक चुळूक ऐकू आली आणि डाव्या हाताला एक बगळा दिसला. उडत नव्हता, पोहत नव्हता. उभा होता. भर समुद्रात, घोट्याएवढ्या पाण्यात, एका पायावर.

मी इंजिन बंद केलं. "सूनबाई, कुठली रेष धरलीयेस?"

"तुमचीच. अठरा मिनिटंवाली."

सकाळचे साडेआठ, भर ओहोटी. होडी रुतली तर पुढचे चार-पाच तास आम्ही त्या बगळ्याच्या शेजारी. खोका तापणार, बेटावरची पोरं लशीविना परत जाणार, सुनेचं काम जाणार. एखादी गोष्ट रचून सांगावी असं क्षणभर मनात आलं. चांगली सुचलीही होती.

"ती रेष म्हणजे माझी फुशारकी आहे," मी म्हणालो. "भरतीला काढलेली. आत्ता तिच्याखाली वाळू आहे. रोजची वाट ती नव्हेच."

तिनं यंत्र खाली ठेवलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "बांबू घ्या," एवढंच म्हणाली. तळ वाळूला खरडला तेव्हा आम्ही दोघं दोन बाजूंनी बांबू रोवून रेटत होतो. तिच्या ओढणीचं टोक पाण्यात, माझी टोपी गेलीच. होडी कुरकुरली, अडली आणि मागे सरकली. पाण्यात आलो तसं तिनं यंत्र उचललं.

"बाण गरगर फिरतोय. बिघडलं वाटतं!"

"थांबलं की माणसालाही दिशा कळत नाही. हळू चालू ठेवतो, बघ." इंजिन लावलं, होडी चार हात सरकली आणि बाण ठिकाणावर आला. "पण जायचं कुठे? धुक्यात मला काठावरची एकही खूण दिसत नाही."

"माझ्याकडे आहेत," ती म्हणाली. "तीन फेऱ्या मी काय करत होते असं तुम्हाला वाटलं? तुम्ही दर वेळी ठरावीक जागी ठरावीक थाप सांगता. सांगता सांगता मध्येच गप्प होता, सुकाणू वळवता, आणि पुढे सुरू करता. प्रत्येक वेळी मी तिथे बटण दाबलं. पाण्यावर चौक नसतात, नाव काय द्यायचं? थापांचीच दिली."

"थापा?" मी दुखावलो. "कुठल्या?"

"पहिली, चष्मा. चारशे मीटर. होकायंत्रावर तीनशे दहा अंश धरा."

चष्मा म्हणजे माझा पाण्यात पडलेला चष्मा लावून तीन वर्षांनी एक मासा वर आला आणि त्यानंच मला आधी ओळखलं, ती हकीकत. मी तीनशे दहा धरलं. ती मीटर मोजत होती : दोनशे, शंभर, चाळीस. "इथे मासा काय म्हणाला होता?"

"'नंबर वाढलाय, जरा डॉक्टरला दाखवा.'"

"बरोबर. इथे तुम्ही उजवीकडे वळता." आणि माझा हात आपोआप उजवीकडे गेला. हाताला वाट पाठ होती, माझ्या तोंडानं ती कधी सांगितलीच नव्हती.

पुढची दाढी. वाऱ्यानं कप्तानाची दाढी उडवून आचाऱ्याला चिकटवली आणि संध्याकाळपर्यंत हुकूम आचाऱ्यानंच सोडले, ती जागा. मग पाठ. देवमाशानं काथ्याच्या ब्रशानं पाठ घासून घेतली आणि आभार न मानता दुसरी बाजू पुढे केली, ती. मी प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगत गेलो, कारण सांगितल्याशिवाय हात वळायला तयार नव्हता. बाजूनं पाणी गर्द हिरवं, खोल. बांबू तळाला लागेना.

"शेवटची," ती म्हणाली, "सासूबाई."

"ती थाप नाही हं. तुझ्या सासूला मी पहिल्यांदा इथेच पाहिलं. लाँचच्या कठड्याला धरून ओकत होती. वर बघून म्हणाली, 'बघताय काय, पाणी द्या.'"

"माहीत आहे खरी आहे ते. बाकीच्या दर वेळी फुगतात. ही तेवढीच राहते. डावीकडे घ्या."

डावीकडे घेतलं आणि धुक्यातून बेटाच्या धक्क्याची पायरी एकदम नाकासमोर आली. वर दवाखान्याची नर्स छत्री घेऊन उभी, मागे ओसरीवर आया आणि मांडीवर रडारडीच्या तयारीतली पोरं. नर्सनं खोका उघडून थर्मामीटर बघितलं, घड्याळ बघितलं, कागदावर लिहिलं : नऊ एकेचाळीस, सहा अंश. खोका पळत फ्रिजकडे गेला. पाचच मिनिटांत आतून पहिलं भोकाड ऐकू आलं. इतकं गोड भोकाड मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"आज तर टपालाची लाँचपण आली नाही," नर्स मला म्हणाली. "तुम्ही कसे आलात?"

"चष्म्यावरून उजवीकडे, दाढीपर्यंत सरळ, मग देवमाशाची पाठ," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा अक्षरन् अक्षर खरं बोललो होतो. नर्स सूनबाईकडे वळली. "यांचं वय किती हो?"

दवाखान्यातला फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. सूनबाईनं वेळ सांगितली, अंश सांगितले. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. तिनं "हो" म्हटलं, मग जरा थांबून पुन्हा "हो" म्हटलं.

"काम आपलं," ती बाहेर येऊन म्हणाली. "आणि सोमवारपासून पलीकडची दोन बेटंसुद्धा. तिकडचं पाणी माहीत आहे का, विचारत होत्या."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, सासऱ्यांना विचारते. आता खरं सांगा."

धक्क्यावर धुकं विरळ होत होतं. पलीकडच्या पाण्यात मी उभ्या आयुष्यात तीनदा गेलो असेन, तेही दुसऱ्याच्या होडीत.

"फारसं नाही," मी म्हणालो. हे बोलताना जीभ जरा अडखळली, पण बाहेर पडलं. "पहिल्या दोन-तीन वेळा भरतीच्या अर्ध्यावर निघू, बांबूनं तळ बघत बघत, सावकाश. तू खुणा करत जा. मग हात शिकेल."

"चालेल. आणि परतताना सुकाणू माझ्याकडे."

"घे की. पण एक सांगतो, तिकडे राहणाऱ्या एका खेकड्याचं नि माझं जुनं वैर आहे. झालं असं, की—"

तिनं हात वर केला. "थांबा, इथे नको. वळणावर सांगा."