पुरावा क्रमांक चार

मी एक जुना कंदील आहे. माझ्या गळ्यात अजून पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे: पुरावा क्रमांक चार. मित्रांनो, कंदिलाला कोणी नंबर देतं का? पण आमचं ऐकतो कोण!

अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या एका गावात टोरवाल्ड नावाच्या गड्याकडे मी नऊ वर्षं जळलो. पहाटे धार काढायला तो मला घेऊन जाई. पुढे माझी टाकी गंजली, तिला भोक पडलं, तेल ठरेना. भोक झाळून बुजवायला नेताना टोरवाल्ड मला मालकाच्या कुंपणाला अडकवून विसरला आणि नेमकं त्याच रात्री मालकाचं कोठार जळालं.

झालं! कोठारापाशी कंदील सापडला, कंदील टोरवाल्डचा, आणि मालकाशी त्याचं आठवड्यापूर्वीच वाजलेलं. जिल्ह्याचे सरकारी वकील अल्विन कॅथकार्ट नुकतेच निवडून आले होते; तिकडे सरकारी वकील आणि न्यायाधीशही मतांवर निवडतात. त्यांना एक गाजणारा खटला हवाच होता; ह्याच कंदिलानं टोरवाल्डनं आग लावली, असा आरोप त्यांनी ठेवला.

खटल्याच्या आदल्या दिवशी कचेरीत एकटे असताना त्यांनी माझ्यात तेल ओतून पाहिलं. ते सगळं त्यांच्या विजारीवर सांडलं. मला वाटलं, सुटला आपला टोरवाल्ड. कसलं काय! त्यांनी मला कोरडं पुसून ठेवलं.

कोर्टात टोरवाल्डची बायको सिग्ने म्हणाली, "साहेब, तो कंदील गळका आहे हो. पेटतच नाही."

"बाई, नवरा तुरुंगात जायला लागला की सगळ्यांच्याच वस्तू बिघडतात," कॅथकार्ट म्हणाले.

ज्यूरी हसली. टोरवाल्डचा वकील पेंगत होता. वीस वर्षांची शिक्षा झाली. मी समोरच्या टेबलावर होतो, मित्रांनो, पण मला तोंड नव्हतं.

मग कपाट आणि कुलूप. निवडणूक आली की कॅथकार्ट मला बाहेर काढत. "ह्याच कंदिलानं गुन्हेगाराला गजाआड घातलं," म्हणत उंच धरत, मतं घेत आणि पुन्हा कपाटात कोंडत. असे ते तीनदा निवडून आले. मला माझीच लाज वाटू लागली.

आठ वर्षांनी ते न्यायाधीशपदाला उभे राहिले. संध्याकाळी मशालींची मिरवणूक निघाली. एक उत्साही कार्यकर्ता तेलाचा डबा घेऊन पुढे आला.

"साहेब, आज पेटवूनच चला की."

"नको, नको. पुरावा आहे तो."

"काय साहेब, कंदिलाला घाबरता?"

लोक खिदळले. आता नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने तेल ओतलं आणि ते साहेबांच्या पांढऱ्या वेस्टकोटवरून थेट बुटात उतरलं.

"परत गळला लेकाचा!" कॅथकार्ट पटकन बोलून गेले.

गर्दीत सिग्ने उभी होती. ती शांतपणे पुढे आली.

"परत? म्हणजे आधी कधी गळला होता, साहेब?"

कॅथकार्ट भिजल्या बुटांनी तसेच चालते झाले. ते निवडणूक हरले. खटला पुन्हा उघडला, चार महिन्यांनी टोरवाल्ड सुटला आणि मीही त्याच्या घरी आलो. सिग्ने मला झाळायला निघाली, तर त्याने मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे ते भोक."

"अरे, अंधारात धार काढतोस!"

"उद्या परत कोणी विचारलं तर? दाखवायला नको?"

मित्रांनो, बिघडलेली वस्तू वेळेवर दुरुस्त करा. आणि कोणाला दोषी ठरवण्याआधी थेंबभर तेल ओतून बघा, बघितलंत तर खरं सांगा. टोरवाल्ड अजून रोज पहाटे चाचपडत धार काढतो. मी त्याच्या डोक्यावरच खिळ्याला टांगलेला असतो, कोरडा, गळ्यातल्या चिठ्ठीसकट.