सतरा नंबरचा फिका शिक्का

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. सोन्याचांदीचा नव्हे की कुण्या राजाचा नव्हे. बर्चच्या लाकडाची मूठ, तळाला गोल रबर आणि रबरात कोरलेला सतरा हा आकडा, एवढेच माझे अंग. उराल डोंगराच्या पायथ्याशी एका कारखान्यात मी पंचेचाळीस वर्षे काढली. आता फार दमलो आहे, म्हणून जे सांगायचे ते एकदाच सांगून टाकतो.

आमच्या कारखान्यात फावडी आणि कुऱ्हाडी तयार होत. तपासनिसाने माल तपासायचा, चिठ्ठीवर शिक्का उठवायचा, मगच तो माल दाराबाहेर पडायचा. प्रत्येक तपासनिसाचा आकडा वेगळा. त्या आकड्याखाली काही खराब निघाले, तर जाब त्यालाच. त्यातली तेवीस वर्षे मी ताइसिया ल्वोव्ना या बाईंच्या हाती होतो. बाई मोठ्या खडूस. फावड्याचे पाते ठोकून पाहायच्या आणि आवाज बद्द आला की बाजूला फेकायच्या. कामगार त्यांच्या नावाने बोटे मोडत, पण स्वतःच्या घरी न्यायचे फावडे मात्र सतरा नंबरचेच शोधत. बाजारात बायकाही चिठ्ठी उलटून माझा आकडा बघत. मला तेव्हा फार मिरवल्यासारखे वाटे.

आमच्याकडे हिवाळ्यात शाईची गादी सुकून खडखडीत होते. म्हणून शिक्का आधी तोंडाजवळ धरायचा, त्याला श्वासाची वाफ द्यायची आणि मग दाबायचा. आमच्या सगळ्या कचेऱ्यांत असेच करतात. बाईंची वाफ लागली की मी ठळक, निळाशार उठत असे.

बाईंचा धाकटा भाऊ प्लातोन ट्रक चालवायचा. त्याला घरात तोशा म्हणत. जेवणाच्या सुट्टीत तो बहिणीच्या टेबलाशी येऊन बसायचा, तिच्या डब्यातली कोबीची कचोरी उचलायचा आणि वर तिलाच चिडवायचा.

"ताई, या रबराला लावतेस तेवढा जीव नवऱ्याला लावला असतास, तर तो पळाला नसता."

"तो फिकाच होता रे," बाई म्हणत. "कितीही वाफ दिली असती तरी उठला नसता."

मग युद्ध आले. त्याला युद्ध म्हणायची बंदी होती, म्हणून कारखान्यात सगळे नुसते 'ते' म्हणत. 'ते' सुरू झाल्यावर फावडी बंद झाली आणि सैनिकांच्या चिलखतात घालायच्या पोलादी पाट्या सुरू झाल्या. तोशाला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सैन्यात बोलावणे आले. सुदैवाने तो मागच्या फळीत सामान वाहू लागला. प्रांतप्रमुख कॅमेरे घेऊन कारखान्यात आले, बाईंना प्रशस्तिपत्र देऊन गेले. पुढच्याच महिन्यात पोलाद पुरवायचे काम या प्रांतप्रमुखांच्या मेहुण्याला मिळाले. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणीच बोलत नव्हते.

दर शंभर पाट्यांतली एक मागच्या खड्ड्यात नेऊन तिच्यावर गोळी झाडायची, असा नियम होता. फेब्रुवारीत मेहुण्याच्या पोलादाच्या पाट्या आल्या. ओल्या पुठ्ठ्यातून जावी तशी गोळी आरपार गेली. बाईंनी दुसरी पाटी लावली, तिसरी लावली. मग त्यांनी सगळा माल अडवला आणि मला खिशात घालून बटण लावले.

कारखान्याचे संचालक गेर्मान साव्विच दुपारी स्वतः खाली आले. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

"ताइसिया ल्वोव्ना, तिकडं पोरं उघड्यानं लढतायत. अंगावर काहीतरी असणं बरं नाही का?"

"उघडा माणूस निदान जपून राहतो," बाई म्हणाल्या. "अंगावर चिलखत आहे म्हटल्यावर तो उभा राहतो. माझ्या भरवशावर उभा राहतो."

"मला का शिकवता? मला वरून फोन येतात." ते खुर्चीत बसले, आवाज खाली आणला. "तुमचा तोशा मागं आहे ना? तो पुढं जायला एक फोन पुरतो, बाई. ही धमकी मी देत नाहीये. मला जे सांगितलंय तेच तुम्हाला सांगतोय."

बाईंनी खिशाचे बटण उघडले. मग त्यांनी मला खिशातून काढले. मित्रांनो, मी वाट पाहत होतो, पण त्यांनी मला तोंडाजवळ नेलेच नाही. कोरडाच दाबला. चिठ्ठीवर एक फिका, अर्धवट वर्तुळ उठले.

"फिका उठतोय," साव्विच म्हणाले.

"आकडा वाचता येतो ना? मग झालं."

संध्याकाळपर्यंत त्यांनी बाराशे चिठ्ठ्यांवर मला असेच कोरडे उठवले. त्यांच्याच्याने एवढाच विरोध झाला. तो कुणाच्या लक्षात यायचा, याचा विचार त्यांनी केला नसावा. मला त्या दिवशी त्यांचा रागही आला आणि कीवही आली.

एप्रिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत तोशाचा फोन आला. तिकडून येणारे फोन ऐकले जातात, हे दोघांनाही माहीत होते.

"ताई, एक गंमत सांगू? आमच्या गाडीवाल्यांनाही चिलखतं मिळाली. मी अख्खा ढीग उपसून तुझ्या नंबरचं शोधलं. इथं सगळे हसले मला."

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला.

"तोशा, ती चिठ्ठी आहे का अजून?"

"आहे की. खिशात ठेवलीय, तुझी आठवण म्हणून."

"बघ जरा तिच्याकडं. शिक्का कसा उठलाय?"

"कसा म्हणजे? गोल." तो हसला, मग थांबला. "जरा फिका आहे."

"मी वाफ दिली नव्हती, तोशा."



"तुझ्या नवऱ्यासारखा फिका?" त्याने हळूच विचारले.

"तसाच. अगदी तसाच."

"बरं. कळलं." बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. मलाही हायसे वाटले. एवढ्यात तो पुन्हा बोलू लागला, आणि आता त्याचा आवाज बदलला होता. "पण ताई, मी नुसतं माझंच नाही शोधलं. इथली अकरा पोरं परवा पुढं गेली. त्यांनाही मीच सतरा नंबर शोधून दिला. म्हटलं, माझ्या बहिणीचा शिक्का आहे, बिनधास्त घाला."

त्यानंतर फोन तुटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मला साव्विचांच्या टेबलावर ठेवण्याआधी त्यांनी सवयीने तोंडाजवळ नेले. मग तसेच खाली ठेवले आणि गेल्या. तोशाचा पुढे फोन आला की नाही, मला माहीत नाही. त्या अकरा जणांची तर नावेही मला ठाऊक नाहीत. साव्विचांना आता माझ्यासाठी कुणाला विचारावे लागत नाही. ते रोज मला हवे तितके उठवतात.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्याही हाती कधीतरी शिक्का येईल, निदान सही तरी येईल. मनाला पटत नसेल, तर ती फिकी करून गप्प बसू नका, करूच नका. कारण तिकडे कुणीतरी ढीग उपसून तुमचेच नाव शोधत असतो, आणि त्याला फिके-ठळक पाहायला सवड नसते.