पद्मावतीच्या दारातला ढोल

आमच्या वाड्याच्या ढोलवाल्या मेळाची वही माझ्याकडे असते. शिगम्यात मेळाची मिरवणूक, म्हणजे रोमट, कुठून निघायचे, आधी कुणाच्या दारी जायचे, कुणाच्या अंगणात नारळ ठेवतात आणि कोण नुसत्या सुपारीवर भागवतो, हे सगळे तिच्यात आहे. माझ्या आज्याने ती सुरू केली तेव्हा घरे एकतीस होती. पुढे डिचोलीला नवे बसस्थानक आले, कारखान्यांची वसाहत आली, कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आल्या, आणि अठ्ठ्याऐंशी साली आकडा एकशे बारावर गेला. मला वहीला पाने शिवावी लागली. शेवटचा रकाना शेऱ्याचा. आपल्याबद्दल काय लिहिले आहे ते बघायला म्हणून माणसे त्यात डोकावतात आणि शेजाऱ्याचे वाचून जातात.

एक गोष्ट मात्र वहीत लिहावी लागत नाही. ज्या घरात सुतक, त्या घरापुढे ढोल थांबतो. मेळ मान खाली घालून मुकाट पुढे सरकतो आणि पुढच्या घराची हद्द लागली की मगच काठी पडते.

पद्मावतीच्या घरापुढे ढोल थांबवायचा की नाही, यावर चार वर्षे वाड्यात दोन पक्ष होते. तिचा एकुलता शंभू केरीला मामाच्या होडीवर मासे मारायला जायचा. चौऱ्याऐंशीच्या पावसाच्या तोंडावर ती होडी बुडाली. फळ्या तेरेखोलच्या बाजूला लागल्या, बरोबरचे दोघे पोहत किनाऱ्याला आले, शंभू आला नाही. भटजींनी दर्भाचा पुतळा करून क्रिया करायला सांगितली. पद्मावतीने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "ज्याचा आंग कोणी बघूक नाय, तेका अग्नी कसो देवचो? भिजान येतलो तो, आनी दारात पाय ठेवन् बघतलो काय, तर आपल्याच फोटोक हार!"

त्या दिवसापासून तिने दाराची कडी लावली नाही. दिवसा नाही, रात्रीही नाही. चोराने न्यावे असे घरात काही नव्हते, एक ढोल सोडला तर. शंभू मेळाचा पहिला ढोलवाला. त्याचा ढोल खुंटीला टांगलेला असे आणि ती तो दर शनिवारी पुसायची. मेळ दारात आला की ती सगळ्यांना अडवून धरी. "आनी एक फेर मारात रे. माझो लांब आसा, तेच्या कानार पडाक होया."

आम्ही आणखी एक फेर मारायचो. मी वहीत शेरा लिहायचो, 'चालू.'

"गोपाळबाब," दुकानदार गोकुळदास मला चिडवायचा, "तुझ्या वहीत मेल्ली माणसां पण चालू. उद्या तेंका रेशन कार्डां पण काढून दी."

हा गोकुळदास उत्सव समितीचा अध्यक्ष. अठ्ठ्याऐंशीचा शिगमा हा गोवा घटकराज्य झाल्यानंतरचा पहिला, आणि समितीला वाटले की आपला गाव आता शहर झाला, तेव्हा शहराला शोभेलसे काहीतरी हवे. चित्ररथांची मिरवणूक ठरली. पर्यटक बघायला येतील म्हणे. रथावरचा फलक मराठीत की कोंकणीत यावर तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत दोघांनी एकमेकांच्या आईची भाषा काढली, तेव्हा फलकावर नुसता नारळ रंगवावा असे एकमताने ठरले.

मेळातली चौदा धट्टीकट्टी पोरे त्या रथावर चढली, कोणी शेतकरी, कोणी कोळी, कोणी कापसाची दाढी लावून ऋषी. घरोघरी फिरायला उरलो आम्ही पाच म्हातारे. त्यातल्या एकाला दमा आणि दोघांना ढोलापेक्षा ढोलवाल्याच्या चुका जास्त कळत.

मग गोकुळदासनेच सुचवले, वसाहतीतल्या कामगारांना बोलवा. चंदगडचा जयवंत, लोखंडाच्या कारखान्यातला, पाच जोडीदार घेऊन आला. गावच्या जत्रेत वाजवणारी माणसे. पहिलीच काठी अशी पडली की दम्याचा म्हातारा खोकायचा थांबला.

दुकानाच्या बांकावर बसून मी जयवंतला रीत समजावली. बाबलीची आई जाऊन आठ दिवस झाले होते, त्याच्या घरापुढे ढोल बंद.

"पर काका, घर वळखायचं कसं? आमाला हितली समदी सारखीच."

"सोपे आहे रे. दारापुढच्या तुळशीला दिवा नसेल ते सुतकाचे घर. सुतकात तुळशीला दिवा लागत नाही."

"मग झालं तर. आनी तुमी हायसाच की संगं."

"मी आहेच," असे मी म्हणालो.

तिन्हीसांजा झाल्या तशा वाड्यातल्या तुळशींचे दिवे लागले आणि रोमट निघाले. दहा-बारा घरे मी बरोबर होतो. मग बसस्थानकाच्या रस्त्यावर रथ दिसले आणि गोकुळदासने दुकानातून हाक मारली, "अरे गोपाळबाब, बघ बघ, तुझो भाचो राणी जालो!" भाचा खरोखरच नऊवारी नेसून रथावर उभा होता आणि एका हाताने मुकुट सावरत होता. मी दोन मिनिटे म्हणून थांबलो; बाकीचे म्हातारे माझ्याआधीच रथांकडे वळले होते. पर्यटक शोधले. दोघे सापडले, पैकी एक आमच्याच बँकेतला निघाला.

तेवढ्यात आमच्या गल्लीतला ढोल थांबला. बाबलीचे घर आले, मी मनात म्हटले. जरा वेळाने ढोल पुन्हा सुरू झाला. शहाणा आहे जयवंत, एकदा सांगितलेले ध्यानात ठेवतो.

मग ढोल पुन्हा थांबला.

वाड्यात सुतक एकच होते. मी बोटांवर घरे मोजली. हे पद्मावतीचे होते. रस्ता रुंद केला तेव्हा पद्मावतीचे अंगण त्यात गेले होते. तिची तुळस उचलून मागच्या दारी, विहिरीशी नेऊन ठेवली. वृंदावनाची एक बाजू मीच धरली होती.

मी धावलो. माझ्या वयात त्याला धावणे म्हणत नाहीत, पण धावलो. ती दारात उभी होती. हातात ताट, ताटात नारळ, गुलाल, निरांजन. मेळ पुढच्या घरापाशी जाऊन वाजवत होता.

"कधी कळलां?" तिने विचारले.

"काय कधी कळले?"

"केरीसून सांगणां आयलां मां? माका सांगूक कोणाक धीर झालो नाय, म्हणान ढोलाकडसून सांगलात."

"पद्मावतीबाय, कसले सांगणे आणि कसले काय! चूक झाली. माझी चूक. ही माणसे नवी, मी त्यांना दारापुढचा दिवा बघायला सांगितले, आणि तुझी तुळस..."

ती ऐकत होती, पण समजूत घालणाऱ्याचे ऐकावे तसे. जयवंतला कुणीतरी सांगितले असावे. तो ढोल गळ्यात तसाच घेऊन आला आणि तिच्यापुढे वाकला.

"आई, माफी करा. आमाला ठावं न्हवतं. आता वाजवतो बगा, समद्यांत जास्ती तुमच्याच दारात वाजवतो."

त्याने काठी उचलली. पद्मावतीने ती हातानेच धरली.

"नाका पुता. एकदा थांबलेलो ढोल त्याच दारात परत वाजणा नाय."

असा नियम वहीत नाही. मी तिथल्या तिथे सांगू शकलो असतो, माझा शब्द कुणी मोडला नसता. पण मी तिच्या चेहऱ्याकडे बघितले. कोसभर कमरेवर वाहिलेली घागर कुणीतरी उतरवून घ्यावी, तशी ती दिसत होती. रडत नव्हती. जयवंतच रडत होता.

"चार वरसां," ती म्हणाली, "सगळे माका खुळी म्हणान वाजवीत होते. तू पयलो, ज्याणे नाय वाजवलां." तिने त्याच्या कपाळाला गुलाल लावला, ताट घेतले आणि आत गेली.

चित्ररथाला दुसरे बक्षीस मिळाले. पहिले का नाही, यावर फलकावरच्या नारळासकट सगळ्यांना दोष देऊन झाला.

पद्मावतीने भटजींना बोलावले. नदीवर दर्भाचा पुतळा झाला, अग्नी मामाने दिला. मी दोनदा तिला सांगून बघितले होते की खरेच काही निरोप आला नव्हता. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तेव्हा जनेलातून बघितले, ती भरदुपारी भिंतीला टेकून गाढ झोपली होती. चार वर्षांत तिला कुणी तसे झोपलेले बघितले नव्हते. मी परत फिरलो. शंभूचा ढोल मेळाने नंतर मागितला, तिने दिला नाही.

क्रिया झाली त्या दिवशी सगळे पांगल्यावर मी निघालो, तर तिने मागून हाक मारली.

"गोपाळबाब, फाल्यां येतना वायच खोबरेल हाड. दाराची कडी गंजल्या, सरकना नाय."

दुसऱ्या दिवशी मी तेल नेले. कडीला चोळले, दगडाने हलके ठोकले, मागेपुढे केले. तिसऱ्या खेपेला ती पुरी बसली. पद्मावतीने चहा दिला, मी प्यालो आणि रस्त्यावर आलो. तिच्या दारापासून आता रस्ता चार पावलांवर आहे. मागे दार लोटल्याचा आवाज आला, आणि मग कडीचा.