बाथरूमबाहेरचा लाल दिवा

गेल्या हिवाळ्यात विद्याताई आयर्लंडमधल्या नास गावी लेकाकडे आल्या, तेव्हा बाथरूमच्या गार फरशीने त्यांचे गुडघे धरले आणि महिन्याभरात त्या नाशिकला परत गेल्या. म्हणून यंदा घराचं काम काढलं तेव्हा रणजित हट्टालाच पेटला. स्वयंपाकघर राहू दे बाजूला, आधी आईसाठी खालची बाथरूम! जुनी फरशी उखडली, खाली गरम होणाऱ्या तारांची जाळी अंथरली, वर नव्या टाइल्स बसवल्या. रोज सकाळी सहाला फरशी आपोआप तापणार होती. आईने दर हिवाळा इथे काढावा, एवढंच त्याला हवं होतं. नाशिकच्या घरात ती एकटी, आणि इथे याच्या जिवाला घोर.

आईला मात्र त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. कौतुक न मागता व्हायला हवं होतं ना!

विद्याताई आल्या. आठवडा गेला. "बाथरूम छान केलीस रे," यापुढे त्या काही बोलेनात. रणजित फुगून बसला.

"अरे, सरळ विचार ना त्यांना," त्याची बायको शर्वाणी म्हणाली. "नाहीतर इलेक्ट्रिशियनला फोन कर. तो माणूस म्हणाला होता, काही वाटलं तर कळवा."

"फ्लोअर एकदम ग्रँड आहे. मी स्वतः चेक केलंय. तिला कशाचं कौतुकच नाही, त्याला मी काय करू?"

चेक केलं होतं ते आई येण्याच्या आदल्या दिवशी. रणजित-शर्वाणीची बाथरूम वर होती. खालच्या बाथरूममध्ये त्यानंतर साहेबांनी पाऊल टाकलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "रणजित, तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ. गुडघे फार ठणकतात रे. आता परत येणं काही माझ्याच्याने व्हायचं नाही."

"तुझ्यासाठी अख्खी बाथरूम फोडली मी!" तो ओरडलाच. "राहायचं नाहीये तर तसं सांग ना. गुडघ्यांवर कशाला ढकलतेस?"

त्या बॅग भरायला उठल्या. त्याच आठवड्याचं तिकीट मिळालं.

त्यांना विमानतळावर सोडून तो सकाळी आठला घरी आला आणि त्यांचा टॉवेल धुवायला काढावा म्हणून अनवाणीच आत शिरला. फरशी बर्फासारखी गार होती. तेवढ्यात फोन वाजला.

"रागावू नकोस रे," आई विमानतळावरून बोलत होती. "आणि बाथरूमबाहेरच्या त्या लाल दिव्याची काळजी करू नकोस. गेल्या खेपेला पाण्याच्या हीटरचा दिवा माझ्याकडून चालू राहिला, तर 'इमर्शन कोण बंद करणार?' म्हणून केवढा ओरडला होतास. या वेळी आल्या आल्याच बंद केला. पाणी तर त्याच्याशिवायही गरम येत होतं. तीन आठवड्यांत एकदाही लावला नाही हो मी."

रणजितने दाराबाहेर पाहिलं. फरशी तापवणारा स्विच बंद होता. शरमेने त्याची कानशिलं तापली. तिला खरं सांगितलं असतं, तर ती विमानात सगळा वेळ स्वतःलाच दोष देत बसली असती.

"ऐकतोयस ना रे?"

"हो," तो म्हणाला. "बरं केलंस, आई."