सीटखालची तार

सकाळी साडेसात वाजता वारूळवाडीच्या चौकात मी उभ्या उभ्या थरथरले आणि बंद पडले. मागे टोमॅटोच्या रोपांचे ट्रे होते, पुढे वृषाली आणि तिच्या सासूबाई चिमाबाई.

मित्रांनो, मी निमगाव सावाची एक जुनी पेट्रोल व्हॅन. माझा रंग उडाला आहे आणि मागचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. पण वृषालीने रोपवाटिका काढली ती माझ्या भरवशावर. आंबेगावपर्यंतच्या बांधांवर तिची रोपं मीच पोचवली. शेतकरी म्हणायचे, "वहिनीची गाडी आली म्हंजी रोप ताजं." ते ऐकून मला नव्या गाडीसारखं वाटायचं.

दसऱ्यानंतर मात्र माझं बिनसलं. पळताना मी ठीक असे. रेस सोडून उभी राहिले की अंगाला हिव भरल्यागत हुडहुडी. एका मेस्त्रीने प्लग बदलले, दुसऱ्याने पेट्रोलला नावं ठेवली. वृषालीचे सासरे हौशीराम तात्या यांनी मात्र दोष तिच्यावरच ठेवला.

"बाईमाणसाच्या हाताखाली गाडी अशीच व्हायची. रैवारी मंचरचं पावणं येत्यात, दिऊन टाकू."

मी गेले की तिची रोपं बांधावर जाणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

म्हणून चौकातून तिने मला ढकलत वलीभाईंच्या गॅरेजात नेलं.

"वलीभाई, उद्या इकायला काढलीय हिला. आजच काय ते बघा."

"पळताना धक्के देती का?"

"न्हाई. निस्ती उभी असली की."

वलीभाईंनी पाना खाली ठेवला. माझं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलून त्यांनी मला चालू केलं आणि कान लावला. "फुसफुस ऐकू येती का, वहिनी? ही कुठनंतरी चोरून हवा ओढती. पळताना पचतं, उभं राह्यलं की दम लागतो." त्यांनी एकेका रबरी नळीवर बोट दाबत नेलं. एका जागी बोट टेकलं आणि माझी थरथर गपकन थांबली.

तिथे नळीला तारांचं वेटोळं होतं. त्यात वाळून खडा झालेली लिंबं, मिरच्यांची देठं आणि काळा बिब्बा. तार घासून घासून नळीला चीर पडली होती.

"या बया," वृषाली म्हणाली.

वलीभाई हसले. "लोकांच्या गाडीला बाहेरनं नजर लागती. हिला घरातनंच लागली, राव!"

टायरवर बसलेल्या चिमाबाई उठल्या. "मीच बांधलं ते. तुझा सार्थक म्हनला, आज्जे, म्होरं लिंबू नको लटकवू, पोरं हसत्यात. म्हनलं सीटखाली कोन बघतंय? दर अवसेला नवं बांधत व्हते. लई गुनाची गाडी, दिष्ट नको लागाया."

"आन् जुनं सोडत नव्हता?" वृषालीने विचारलं.

"दिष्टीचं परत हातात घ्यायचं नसतं, बाई."

वृषालीला राग यायला हवा होता. तिला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. वलीभाईंनी नळी बदलली. मी पुन्हा लोण्यासारखी चालू लागले.

मित्रांनो, मला जीव लावणाऱ्या हातांनीच माझा श्वास चिरला, तरी मला त्या हातांचा राग येत नाही. तुम्हीही आपल्या गाडीवर, सायकलवर माया करा. फक्त नवं बांधताना जुनं सोडा, आणि आपली गाठ कुणाला काचत नाही ना, हे वाकून बघा.

घरी आल्यावर चिमाबाई पदर खोचून तात्यांसमोर उभ्या राहिल्या. "सुनंचं काय बी चुकलं न्हाई. माझ्या तारंनं झालं. तिला बोललात ते माघारी घ्या."

तात्या चहाचा कप घेऊन तसेच माझ्यात येऊन बसले. मला चालू केलं आणि कप पुढच्या फळीवर ठेवला. चहावर सुरकुतीसुद्धा उठली नाही. बराच वेळ ते त्या कपाकडे बघत बसले. मग मला बंद करून घरात गेले.

उद्या रविवार. मंचरच्या पाहुण्यांना ‘येऊ नका’ असा फोन अजून गेलेला नाही. माझी किल्ली रोज स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते. आज ती तात्यांच्या खिशात आहे; मला विकायला की राखायला, ते त्यांनाच ठाऊक.