पत्र्याखालचे मालक

हणमंतराव मुरुडकडचे बागायतदार. लातुरात त्यांनी दोन मजली स्लॅबचं घर ठोकलं होतं आणि मागच्या अंगणातली पत्र्याची खोली कमरुन्निसाला भाड्यानं दिली होती. नवरा गेल्यापासून ती तिथं ब्लाउज शिवून पोट भरायची. पत्रा गळतोय म्हटलं की मालक म्हणायचे, भाडं बघा अन् गळणं बघा. बारावीच्या क्लासला बाहेरगावची पोरं लोटू लागली, तशी मालकांना ती जागा डोळ्यांत खुपायला लागली. दिवाळीच्या आत खोली रिकामी करा, इथं पोरांसाठी रूमा बांधायच्यात, असा हुकूम सुटला. गल्ली सुटली की गिऱ्हाइकं सुटणार, मग खायचं काय, हे विचारायची सोय नव्हती.

मग भूकंप झाला. किल्लारीकडं गावंच्या गावं गाडली गेली. हणमंतरावांच्या स्लॅबला फक्त एक तडा गेला, पण त्यांचं धाबं दणाणलं. गादी खांद्यावर टाकून, बायको गुणाबाईंना पुढं घालून, ते पत्र्याच्या दारात उभे राहिले. चार दिवस टेकतो म्हणाले. घरमालकाला नाही म्हणायची रीत अजून निघायची आहे.

मध्ये चादरीचा पडदा लागला. आंघोळीला आधी मालक, चहाला आधी मालक. कमरुन्निसानं पायानं मशीन चालवली की जमीन हादरली म्हणून मालक धोतर सावरत अंगणात पळायचे. शेवटी त्यांनी मशीनच बंद ठेवायला सांगितली. भाडं मात्र तिनंच द्यायचं.

अशात देवणीहून एका पोराचा बाप आला. पोराला स्लॅबखाली ठेवणार नाही, पत्र्याची खोली असली तर बोला, म्हणाला. तो गेल्यावर हणमंतरावांनी कमरुन्निसाचाच चहा फुर्रकन ओढला.

"कमरूबी, ठरल्यापरमानं खोली सोडा. दिवाळी आली."

इतके दिवस गिळलेला राग तिच्या तोंडाशी आला.

"सोडते की मालक. मंग तुमी कुठं झोपनार? वरी जावा. तुमी स्लॅबखाली झोपल्यालं दिसलं की पोरांचे बाप वरच्याच खोल्या घेतील."

हणमंतराव वर बघायलाही तयार होईनात. पडद्याआडून गुणाबाई म्हणाल्या, "मी न्हाई यायची. ह्येंनी एकट्यानं जावं."

धक्के थांबले की बघू, असं पुटपुटत मालक गादीवर आडवे झाले.

कमरुन्निसा किल्लारीच्या मेलेल्यांसाठी रोज दुवा मागायची. त्या दिवशीही मागितली. मग हळूच म्हणाली, अल्ला, माणसं वाचव, पण धक्के पार बंद करू नको. भांडी वाजण्यापुरता एखादा असू दे. तिची तिलाच लाज वाटली. तौबा तौबा करत तिनं गाल थोपटले, पण मागणं काही परत घेतलं नाही.