गुरुवारची बँकगाडी

पोर्टस्कारातली बँक बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्या इमारतीत आता कुत्र्यांचे केस कापून मिळतात. बँकेच्या नावानं गावाला उरली ती एक मोठी गाडी. दर गुरुवारी सकाळी ती बंदरावरच्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहते आणि दुपारी पुढच्या गावाला निघून जाते. तिला एक दार, दाराला तीन पायऱ्या, आत एक खिडकी आणि खिडकीमागे एली नावाची मुलगी. आत एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांनी बाहेर वाऱ्यात रांग लावायची. स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावरची माणसं देवाला घाबरतात की नाही ते सांगता येत नाही, पण रांगेला घाबरतात. एकदा चर्चचे धर्मगुरू घाईत होते म्हणून पुढे घुसायला गेले, तर त्यांना पार शेवटी जाऊन उभं राहावं लागलं. ती हकिगत लोक अजून चवीनं सांगतात.

नेटा फ्लेट त्या गाडीत पहिल्यांदा चढली तेव्हा तिनं डोक्यावर टोपी कपाळापर्यंत ओढली होती. नवरा पाठीच्या डॉक्टरांकडे शहरात गेलेला, म्हणजे गावात नव्हता, तरी तिनं तीनदा मागे वळून पाहिलं.

तिला घर सोडायचं होतं. इतकंच. इन्व्हर्नेसला बहीण होती, जेसी. तिनं खोली रिकामी ठेवली होती. पण नेटाजवळ बसच्या तिकिटापुरतेही पैसे नसत. ती मासे धुरावर वाळवायच्या कारखान्यात उभी राहून हात सोलवटून घ्यायची आणि पगार जमा व्हायचा नवऱ्याच्या, डूगीच्या खात्यात. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी डूगी गाडीत चढायचा, पैसे काढायचा आणि नेटाला सामानापुरते मोजून द्यायचा. उरलेली नाणी पावतीशी ताडून परत घ्यायचा.

तिचं स्वतःचं खातं का नव्हतं? एके काळी होतं, दुसऱ्या बँकेत. मग डूगीनं तिच्या नावावर गाडीचं कर्ज काढलं, मग टीव्ही, मग होडीच्या मागे बसवायचं इंजिन. सह्या तिच्याच, कारण सही केली नसती तर काय झालं असतं ते तिला ठाऊक होतं. हप्ते थकले, खातं बंद झालं आणि डूगीनं तिला पटवून दिलं, की आता या देशात तुला कुणी साधं बिस्किटाचं पाकीटही उधार देणार नाही. तुझं नाव जळलंय, असं तो म्हणायचा. ज्यानं काडी लावली तोच सांगत होता, पण नेटानं ते खरं मानलं होतं.

म्हणून खिडकीपुढे बसल्यावर तिनं आधी कबुलीच दिली. नाव खराब आहे, कर्जं थकलीत, तुम्ही नाही म्हणालात तरी मला समजेल, फक्त घरी फोन करू नका.

एलीनं पेन खाली ठेवलं. "आमचं काही देणं आहे का तुमच्याकडे, फ्लेट बाई? या बँकेचं?"

"नाही. दुसऱ्यांचं आहे."

"मग झालं. आमचं असतं तर मीच सांगितलं असतं, इथं उघडू नका म्हणून. पगार आला की आधी बँकेनंच त्यातून थकबाकी कापून घेतली असती." मग तिनं सावकाश समजावलं. हे साधं खातं असतं. यात पैसे उसने मिळत नाहीत, चेकबुक नाही, खात्यात नसतील तर निघणार नाहीत. बँक तुम्हाला काही उधार देतच नाही, मग तुमची पत कशी का असेना. तुम्ही कोण आणि राहता कुठं, एवढं दाखवा.

नेटानं पगाराची पावती आणि लग्नाचा दाखला काढून दिला. लग्नाचा दाखला पहिल्यांदाच काही कामाला आला, असं तिच्या मनात येऊन गेलं.

सगळं इतकं सरळ झालं की तिला हायसं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात एली म्हणाली, कार्ड पोस्टानं घरी येईल, आणि पिन त्यानंतर वेगळ्या पाकिटात. इथं गाडीत ठेवता येत नाही, तसा नियमच आहे. नेटाचं हायसं वाटणं तिथंच संपलं. तिनं फक्त मान हलवली आणि टोपी ओढून खाली उतरली.

त्याचं कारण वॉटी. पोर्टस्काराचा पोस्टमन वॉटी मनानं चांगला, पण गुडघ्यांनी अधू. चढावरच्या घरांना तो शक्यतो जात नसे. घरातलं कुणीही वाटेत भेटलं की त्याच्या हातात टपाल द्यायचं, हा गावाचा रिवाज. आणि डूगी रोज दुपारी बंदरावरच्या बाकावर बसलेला असायचा. पाठ दुखते म्हणून समुद्रावर जाणं सोडलं, तेव्हापासून ते बाक त्याचं. नेटा वॉटीला म्हणू शकली असती, माझं टपाल माझ्याच हातात दे. पण वॉटीला सांगणं म्हणजे संध्याकाळपर्यंत दारूच्या गुत्त्यात फळ्यावर लिहिण्यासारखं.

तिला एकच आशा होती आणि तीही डूगीच्याच तुच्छतेतून आलेली. नेटाच्या नावानं येणारं टपाल म्हणजे थकबाकीच्या नोटिसा, हे घरात ठरून गेलं होतं. "आली तुझी प्रेमपत्रं," म्हणत तो ती न उघडताच शेगडीजवळच्या जळणाच्या पेटीत टाकायचा. संध्याकाळी त्यांचेच पिळे करून शेगडी पेटवायचा. तो न उघडता टाकेल आणि मी पेटवायच्या आत काढीन, असा तिचा हिशेब. हिशेब कसला, जिवावरचा जुगारच.

त्या दिवसांत नेटाला जेवण जात नव्हतं. कारखान्यात हात काम करायचे आणि डोकं घरातल्या पेटीत. चारला घरी यायची ती धापा टाकत. कोटही न काढता आधी खिमा-बटाटे चढवायची, कारण रोजच्यासारखं वागणं भाग होतं, आणि मग लाकडं नीट लावायच्या निमित्तानं पेटीत हात घालायची. एकदा गॅसवाल्यांचं पाकीट निघालं. एकदा जुन्या इंजिनाचं.

मग एका संध्याकाळी पेटीत सगळ्यात वर एक पांढरं पाकीट होतं. साधंच, पण मधोमध कडक. डूगी दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसून काडीनं दात कोरत होता.

"आज मी पेटवते," नेटा म्हणाली. "गारठा आहे."

"तुला कधीपासून पेटवता यायला लागलं?"

ती गुडघ्यांवर बसली, पाठ त्याच्याकडे केली. तेवढ्यात मागे त्याची खुर्ची करकरली आणि त्याचा हात फळीवरच्या रेडिओकडे गेल्याचं तिला कळलं. डूगी कधी बाहेर आवाज चढवत नसे. चारचौघांत तो गोड माणूस. पण घरात आधी दार लावायचा, मग रेडिओ मोठा करायचा, आणि रेडिओ मोठा झाला की पुढचं शेजारी ऐकत नसत. नेटानं डोळे मिटले.

रेडिओवर समुद्राचा हवामान अंदाज लागला. आवाज होता तेवढाच राहिला. डूगी परत खुर्चीत बसला आणि वारा कुठून वाहणार ते ऐकू लागला.

तिनं पाकीट स्वेटरच्या आत सरकवलं आणि पेटीतल्या दुसऱ्या नोटिशीचा पिळा करून आग लावली. काडी तिसऱ्या खेपेला पेटली. डूगी हसून म्हणाला, बघ, म्हटलं नव्हतं. त्या रात्री कार्ड तिनं स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यात तळाशी ठेवलं. डूगीनं आयुष्यात पिठाला हात लावला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी तिनं कारखान्याच्या कचेरीत नव्या खात्याचा नंबर दिला. आता मागे फिरायची वाट नव्हती. पगार तिच्या खात्यात जाणार आणि त्याच गुरुवारी डूगीला कळणार. त्याच्या आत पिन यायला हवा होता. पिन आला की शहरातल्या मशिनीतून पैसे काढायचे आणि तिथूनच बस पकडायची.

पिन आला नाही. आला असलाच तर एका गारठ्याच्या दुपारी गेला. त्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा शेगडी आधीच धगधगत होती, पेटी रिकामी होती आणि डूगी पाय शेकत होता. कुणाची पत्रं होती, असं विचारायचीही सोय नव्हती. राखेकडे पाहत ती चहा करत राहिली.

आता एकच मार्ग होता. बँकगाडी. कार्ड आणि ओळख दाखवली तर एली खिडकीतून पैसे देईल. आणि दुपारच्या आधी समोरूनच शहराची बस सुटते. डूगी नेहमी गाडी निघायच्या सुमाराला येतो, सकाळी उठवत नाही त्याला. आपण लवकर जायचं. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी नेटानं दात दुखतो म्हणून कारखान्यातून सुट्टी मागितली आणि कार्ड बुटात घालून बंदरावर आली.

डूगी रांगेत होता.

त्या दिवशी घोड्यांची शर्यत होती, हे ती विसरली होती. त्याला पैसे लवकर हवे होते. त्याच्या पुढे कुणी नव्हतं. मागे चार-पाच माणसं, त्यांच्या मागे नेटा, आणि ती पोचतापोचता तिच्या मागे येऊन उभी राहिली टीनीमावशी. गावातली सगळ्यात म्हातारी, हातात काठी, अंगावर मेलेल्या नवऱ्याचा कोट.

पळावं असं नेटाला वाटलं. पण पळून जायचं कुठं? घरी? संध्याकाळी तो घरी येणारच, दार लावणार. ती तिथंच उभी राहिली. डूगी पायऱ्या चढून आत गेला. रांगेतली माणसं समुद्राकडे पाहत होती. आतून त्याचा आवाज आला, गोड, मग जरा कमी गोड. एलीचा आवाज आला नाही. एली हळूच बोलत असावी.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कोरा होता. दुसऱ्या पायरीवर त्याला नेटा दिसली. कामाच्या दिवशी, बँकेच्या रांगेत. त्याला समजायला वेळ लागला नाही. तो सावकाश खाली उतरला, रांगेतल्या दोघातिघांना मान लववली आणि नेटाजवळ येऊन तिचा दंड धरला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, आधार दिलाय. बोटं मात्र हाडापर्यंत रुतली होती.

"घरी चल," तो हसऱ्या तोंडानं म्हणाला. "चहा घेऊ."

रांग सरकली. दंड त्याच्या हातात, तरी ती एक पाऊल पुढे गेली, कारण पुढे जागा झाली होती. तोही गेला. पुन्हा सरकली, पुन्हा गेले. त्याची बोटं आणखी आवळली. तिच्यापुढे आता कुणी नव्हतं. आतला माणूस खाली उतरला.

"मीही येतो आत," डूगी म्हणाला. "नवराबायको आहोत. आमचं एकच काम आहे."

मागून काठी दगडावर आपटली. "डग्लस," टीनीमावशी म्हणाली. त्याला पुऱ्या नावानं हाक मारणारी ती गावात एकटीच. "तू रांगेत आहेस का बाहेर?"

"मावशी, बायकोशी बोलतोय."

"बोलणं घरी. ही रांग आहे. तुझी पाळी झाली, मी बघितलं. परत आत जायचं असेल तर शेवट तिकडे आहे." तिनं काठीनं दाखवलं. "मी थंडीत सकाळपासून उभी आहे. माझ्यापुढं घुसायला तू कोण, पाद्री?"

कुणीतरी फसकन हसलं. मग सगळीच माणसं वळून पाहू लागली. रांग मोठी झाली होती, अर्धं गाव होतं. पगाराचा दिवस. डूगीनं सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी डूगीकडे. तो हसला, चारचौघांत हसायचा तसाच. त्याचा हात सुटला आणि नेटाच्या दंडात रक्त परत आल्यासारखं झालं. डूगी रांगेच्या कडेनं चालत गेला आणि शेवटी जाऊन उभा राहिला.

नेटा तीन पायऱ्या चढली. खिडकीपुढे तिला बूट काढता येईना, लेस सुटेना. शेवटी कार्ड निघालं, ओलसर, थोडं वाकलेलं. नेटानं पगाराची पावती पुढे केली आणि म्हणाली, "सगळे."

"सगळे काढले तरी खातं बंद होत नाही," एली नोटा मोजताना म्हणाली. "ते तुमचंच राहतं, कुठंही गेलात तरी."

सही करताना नेटाला वाटलं, ही सही माझी नाही असं म्हणतील. एलीनं ती पाहिली, शिक्का मारला आणि नोटा पाकिटात घालून दिल्या.

बाहेर आली तेव्हा बस समोर उभी होती. बंदराची ती मोकळी जागा ओलांडायची होती आणि तिच्या एका टोकाला डूगी. तो तिच्याकडेच पाहत होता. त्याच्या मागे आता वॉटी पोस्टमन येऊन उभा राहिला होता आणि त्याला शर्यतीतल्या घोड्यांबद्दल काहीतरी सांगत होता. नेटा चालू लागली. मागे पाऊल वाजतंय का, एवढंच ती ऐकत होती. पळायचं नाही, पळाले तर तो पळेल, असं ती स्वतःला बजावत होती. त्या मोकळ्या जागेत लावायला दार नव्हतं आणि मोठा करायला रेडिओ नव्हता, हे तिला तेव्हा सुचलं नाही. ते तिला पुष्कळ दिवसांनी जेसीच्या स्वयंपाकघरात सुचलं आणि तेव्हा ती भांडी तशीच टाकून खाली बसली.

बसचं दार तिच्यामागे लागलं. आवाजानं ती दचकली. तिकीट काढून ती समुद्राकडच्या खिडकीपाशी बसली, तरी भीती काही गेली नाही. तो अजून येईल, बस थांबवेल, हात दाखवेल. बस सुरू झाली आणि गाडीच्या रांगेजवळून वळली.

टीनीमावशी खाली उतरली होती आणि पुढचा माणूस आत गेला होता. वॉटीनं डूगीच्या पाठीला बोट लावून त्याला पुढे सरकायला सांगितलं. रांग एक पाऊल पुढे सरकली. डूगी बसकडे पाहत होता. मग तोही एक पाऊल पुढे सरकला.